आफ्रिकेतल्या देशांच्या विकास योजना कागदावरच का राहतात?

प्रश्न असा आहे की आफ्रिकेतले देश आपल्यासारख्याच पंचवार्षिक योजना आखतात, मोठमोठे तज्ज्ञ बोलावतात, तरी त्या फसतात का; आणि फसणारच असतील तर आखायच्या कशाला.

आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आहेत, सगळ्यांबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही. नायजेरियात मात्र मी नऊ वर्षं काढली, लागोसजवळच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामावर. म्हणून तेवढ्यापुरतंच सांगतो.

भ्रष्टाचार हे उत्तर तुम्हाला बाकीचे देतीलच. ते खोटं नाही, पण त्यानं सगळा उलगडा होत नाही. माझ्या मते मोठी गोम क्रमात आहे. काय काय हवं याची यादी योजनेत असते, पण कशाच्या आधी काय झालं पाहिजे हे कुणी बघत नाही.

सिमेंटचंच घ्या. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव जवळपास चौपट झाले आणि नायजेरियाच्या हाती अचानक पैसा खेळू लागला. १९७५-८० ची तिसरी योजना ३० अब्ज नायराची (नायरा म्हणजे तिथलं चलन) आखली, ती फुगून ४३ अब्जांवर गेली. रस्ते, बराकी, घरं सगळं एकदम बांधायचं, म्हणून सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवलं. त्यातलं १ कोटी ६० लाख टन एकट्या संरक्षण खात्याचं! लागोसच्या बंदराची माल उतरवायची ताकद याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. १९७५ च्या उत्तरार्धात चारशेच्या आसपास जहाजं समुद्रात ताटकळत होती आणि सरकार रोजचं डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, भरत होतं. डेमरेजच्याच आशेनं काहींनी मोडीत काढायच्या लायकीची जहाजं पाठवली, असं तेव्हा छापून आलं होतं. दमट हवेत पोत्यांतलं सिमेंट जागच्या जागी दगड झालं. पुढे सिमेंट विकणाऱ्यांचे पैसे अडवले म्हणून नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेवर लंडनमध्ये खटला चालला आणि १९७७ मध्ये बँक तो हरली. सार्वभौम सरकारचं कवच बँकेला मिळणार नाही, असं कोर्टानं ठरवलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल ठाऊक असतो, पण त्याच्या मुळाशी उतरवायला जागा नसलेलं सिमेंट आहे हे फार जणांना माहीत नसतं.

पोलादाचंही तेच. नायजर नदीकाठी अजाओकुटा इथे सोव्हिएत मदतीनं मोठा कारखाना उभारायचा करार १९७९ मध्ये झाला. लोखंडाचं खनिज जवळच, इटाक्पेला. पण खनिजातून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीला लागणारा कोकिंग कोळसा देशात जवळजवळ नाही, तो समुद्रमार्गे आणायचा. मग बंदरापासून रेल्वे तरी हवी किंवा नदीचा गाळ काढून जहाजांसाठी वाट तरी हवी. रेल्वेचं काम सुरू झालं १९८७ मध्ये आणि मार्गाचं उद्घाटन झालं २०२० मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. तोवर कारखाना ‘जवळजवळ पूर्ण’ अशा अवस्थेत गंजत होता. मधे २००४ मध्ये तो चालवायला प्रमोद मित्तल यांच्या समूहातल्या कंपनीकडे दिला, २००८ मध्ये करार मोडला, आणि २०२२ मध्ये तडजोड म्हणून नायजेरियानं सुमारे ५० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. झोतभट्टीतून लोखंड आजवर निघालेलं नाही.

याच्याही आधीची पायरी म्हणजे माणसं मोजणं. स्वातंत्र्यानंतरची पहिली योजना (१९६२-६८) करायला आलेल्या वोल्फगांग स्टोल्पर या अर्थतज्ज्ञानं पुढे जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच ‘माहितीविना नियोजन’. संसदेतल्या जागा आणि महसुलाचा वाटा डोकी मोजून ठरणार, त्यामुळे प्रत्येक प्रांताला आपली संख्या जास्त हवी. १९६२ च्या मोजणीवरून भांडण झालं, १९६३ ला पुन्हा मोजलं, १९७३ ची मोजणी रद्दच केली. शेवटची शिरगणती २००६ ची, १४ कोटींची. त्यानंतरचे सगळे अंदाजच. (आपलीही २०२१ ची लांबली, तेव्हा फार हसायला नको.) किती मुलांसाठी शाळा बांधायच्या हे ज्या देशाला नक्की माहीत नाही, त्याच्या योजनेतले आकडे कितीही नेटके असले तरी हवेतच तरंगणार.

आणि पैसा? तो तेलावर. १९८१-८५ ची चौथी योजना ८२ अब्ज नायराची होती. तेलाची मिळकत दोन-तीन वर्षांत निम्म्याहून खाली आली, १९८३ च्या शेवटच्या दिवशी लष्करानं सत्ता घेतली, आणि योजनेचं नावही कुणी काढेना.

तुम्ही म्हणता तसं योजना सोडून देणं त्यांनी जवळपास करूनही पाहिलं. पाचवी योजना बाजूला ठेवून १९९० पासून दर वर्षी बदलणाऱ्या तीन वर्षांच्या ‘फिरत्या’ योजना आणल्या. त्यात ठरलेलं का झालं नाही हे विचारायची सोयच उरली नाही, कारण विचारायच्या आत ठरलेलंच बदललेलं असे. मग ‘व्हिजन २०१०’ नावाचं स्वप्न आलं, पुढे २०२० पर्यंत जगातल्या पहिल्या वीस अर्थव्यवस्थांत जायचं स्वप्न आलं.

पण एक गोष्ट जमली, आणि गंमत म्हणजे सिमेंटातच. २००२ पासून सरकारनं धरलं की जो देशात कारखाना उभारेल त्यालाच आयातीचा परवाना. नायजेरियातले बडे उद्योगपती अलिको दांगोटे यांनी ओबाजानाला कारखाना काढला, गॅसची पाइपलाइन आणि वीजकेंद्रही स्वतःचं बांधलं. ओबाजाना आणि अजाओकुटा एकाच कोगी राज्यात आहेत. ज्या देशाच्या किनाऱ्यावर सिमेंटची जहाजं अडली होती, तो आता सिमेंट निर्यात करतो. घर बांधणारा माणूस भावाच्या नावानं बोटं मोडतो, कारण विकणारे मोजकेच. तरी आधी काय आणि नंतर काय, हे इथे कुणीतरी ठरवलं होतं.

आमच्या वस्तीत गेलेली वीज परत आली की पोरं ‘अप नेपा!’ असं ओरडत. नेपा हे जुन्या वीज महामंडळाचं नाव. ते कधीच मोडीत निघालं, वीजवाटप २०१३ मध्ये खाजगी कंपन्यांकडे गेलं, आरोळी तीच राहिली. २०२१-२५ च्या योजनेत ३४८ लाख कोटी नायराची गुंतवणूक धरली होती. त्यातला साधारण सातवा हिस्सा सरकारचा, बाकी सगळा खाजगी उद्योगांनी घालायचा. त्या खाजगी उद्योगांत आमचा कारखानाही आला. आमच्याकडे नवीन यंत्राचा विषय निघाला की साहेब आधी माझ्याकडून जनरेटरच्या डिझेलचं महिन्याचं बिल मागून घेत, आणि विषय तिथेच संपे.