‘स्थितिस्थापक प्रकीर्णन’: यात ताणलं काय जातं?

प्रश्न असा: अणुकेंद्रकांविषयी वाचताना ‘स्थितिस्थापक प्रकीर्णन’ भेटलं. केंद्रकं रबरासारखी ताणली जातात की काय? आणि सरळ ‘लवचिक टक्कर’ का म्हणू नये?

ताणलं काहीच जात नाही. ‘स्थिती’ म्हणजे इथे केंद्रकाची आतली ऊर्जास्थिती. दोन केंद्रकं एकमेकांवरून विखुरली आणि कुणी उत्तेजित झालं नाही, कुणी फुटलं नाही, तर ते प्रकीर्णन स्थितिस्थापक. शब्द जुना आहे. न्याय-वैशेषिक परंपरेत संस्काराचे, म्हणजे इथे वस्तूतल्या एका गुणाचे, तीन प्रकार मानतात, वेग, भावना आणि स्थितिस्थापक; तिसऱ्याला उदाहरण चटईचं, वाकवून सोडली की पूर्ववत होणारी. केंद्रकावर पूर्ववत व्हायची वेळच येत नाही, कारण आतून ते बदललेलंच नसतं. म्हणून ‘लवचिक’ तर आणखीच फसवं.

‘टक्कर’ शब्दालाही माझी हरकत आहे. ऊर्जा कमी असताना केंद्रकं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. 5 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण, म्हणजे हेलियमचं केंद्रक, सोन्याच्या केंद्रकावर अगदी समोरून सोडला, तरी दोघांच्या धनप्रभारांतल्या प्रतिकर्षणामुळे तो केंद्रापासून सुमारे 45 फेम्टोमीटरवर (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख-कोट्यंश) थबकतो आणि माघारी वळतो. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या जेमतेम 7 फेम्टोमीटर! सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडण्याच्या गायगर-मार्सडेनच्या प्रयोगांचा अर्थ रुदरफर्डने 1911 मध्ये निव्वळ या प्रतिकर्षणावर लावला, तो त्यामुळेच जमला. ऊर्जा वाढवत नेली की अगदी जवळूनच लागू होणारं केंद्रकीय बल हात घालतं आणि मोजमापं रुदरफर्डच्या सूत्रापासून ढळू लागतात.

‘ऊर्जा न गमावता विखुरणे’ अशी सोपी व्याख्या मात्र करू नका. कायम राहते ती दोघांची मिळून गतिज ऊर्जा. एकाने दुसऱ्याला किती द्यायची यावर बंधन नाही. वरचा अल्फा कण सरळ मागे फिरतो तेव्हा सुमारे 8 टक्के ऊर्जा सोन्याला देऊन येतो. न्यूट्रॉनला प्रभारच नाही, त्याला प्रतिकर्षणाची आडकाठी नाही. हायड्रोजनच्या केंद्रकावर समोरून आदळला तर एका फटक्यात जवळजवळ सगळी ऊर्जा देऊन बसतो, आणि तरी प्रकीर्णन स्थितिस्थापकच. 1956 मध्ये तुर्भ्याला सुरू झालेल्या ‘अप्सरा’ अणुभट्टीच्या हौदातलं साधं पाणी न्यूट्रॉन मंद करत होतं, ते मुख्यतः याच मार्गाने.

‘प्रकीर्णन’ऐवजी ‘विकिरण’ही कुणी लिहितं. ते टाळावं. हिंदीतलं विकिरण म्हणजे आपलं प्रारण (रेडिएशन), आणि हल्ली हिंदी मजकूर समोर ठेवून लिहिणारे बरेच.