जकातदार, सीमाशुल्क अधिकारी की कस्टमवाला?

प्रश्न असा आहे: 'एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई बंदरावरची एक इंग्रजी कथा मराठीत आणते आहे. तीत एक कस्टम ऑफिसर आहे आणि एक टाइडवेटर. पहिल्याला जकात अधिकारी म्हणू की सीमाशुल्क अधिकारी? दुसऱ्याचं काय करू?'

सीमाशुल्क आधी बाजूला काढा. शब्द चुकीचा नाही, पण तो स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी पाट्यांवरचा आहे. त्यातला शुल्क मात्र पुरातन. कौटिल्याचा शुल्काध्यक्ष वेशीजवळ निशाण उभारून बसतो आणि त्याची चारपाच माणसं व्यापाऱ्यांची नोंद करतात: कोण, कुठले, माल किती, शिक्का कुठे मारून आणला. आपल्या कोकणातही शिलाहार राजा अनंतदेवाचा शके 1016 चा खारेपाटण ताम्रपट आहे. त्याने आपल्या अमात्याच्या आणि अमात्याच्या भावाच्या मालाला ठाणे, सोपारा, चौल वगैरे बंदरांत शुल्क माफ केलं होतं. (वशिल्याला ताम्रपटाचा आधार आहे तो असा.) पण तिथून तुमच्या कथेपर्यंत सातआठशे वर्षं गेली. 1870 च्या धक्क्यावरचा मराठी माणूस बोलताना 'शुल्क' म्हणणार नाही.

मग जकात? हा शब्द मूळ अरबी आणि धार्मिक दानाचा. आपल्याकडे मात्र तो दप्तरात शिरला तो थेट वसुलीचा होऊन. त्याचा पैस मोठा होता. 1671 मध्ये पोर्तुगिजांच्या गोव्यातल्या बारदेशातलं स्वस्त मीठ स्वराज्यातल्या मिठागरांच्या मुळावर येऊ लागलं, तेव्हा शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरि आनंदराव यांना त्या मिठावर जबर जकात बसवायला लिहिलं. परमुलखातून येणाऱ्या मालावरचा कर, देशी मालाला आडोसा म्हणून. आजच्या भाषेत ही चोख कस्टम ड्यूटी, आणि शब्द जकात. म्हणजे अर्थाच्या बाजूने 'जकातदार' ला हरकत नाही.

हरकत येते ती पुढच्या काळामुळे. कंपनी सरकारने 1830 च्या दशकात मुलखातल्या वाटांवरची जकात मोडीत काढली आणि वसुली बंदरांवर आणि हद्दीवर एकवटली. तिथला कारभार इंग्रजीत, कचेरी कस्टम हाऊस, वरचा साहेब कलेक्टर ऑफ कस्टम्स. बोलीने पोष्टाच्या चालीवर त्याचं 'कष्टम' केलं. जकात हा शब्द मोकळा झाला होता, तो नगरपालिकांनी उचलला आणि शहराच्या नाक्यावर बसवला. मुंबईत तो 1 जुलै 2017 ला जीएसटी येईपर्यंत दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवर टिकून होता. त्यामुळे आजच्या वाचकाला 'जकात अधिकारी' म्हटलं की ट्रकची रांग दिसते, जहाज दिसत नाही. माझं मत: निवेदनात 'कस्टम अधिकारी', संवादात 'कस्टमवाला' किंवा नुसतं 'कस्टमचा साहेब'.

जागेसाठी एक देखणा देशी शब्द आहे, तो जमलं तर वापरा: मांडवी. मंडपिका म्हणजे कर घेण्याची मांडवाखालची जागा, तिची मांडवी झाली. मुंबईतली मांडवी, रत्नागिरीची, कच्छची, ही सगळी त्याच गोतातली. गोव्याच्या नदीचं नावही अनेक जण इथेच आणून सोडतात. सुरत-भरूचकडे याच अर्थाने फुरजा चालायचा. मात्र तुमच्या कथेतली कचेरी फोर्टातली असेल तर ती मांडवी नव्हे. ते जुनं कस्टम हाऊस आजही उभं आहे, तिथे मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय भरतं. बॅलार्ड इस्टेटमधलं कस्टम हाऊस पुढचं, विसाव्या शतकातलं. भाषांतरात नकळत पात्रांना तिकडे पाठवू नका.

कथेचं साल कोणतं हेही बघा. 1882 मध्ये सरकारने मीठ, दारू, शस्त्रं अशा मोजक्या गोष्टी सोडून आयातकर उठवला आणि 1894 मध्ये सर्वसाधारण 5 टक्के दराने परत आणला. कथा 1885 ची असेल आणि अधिकारी मँचेस्टरच्या कापडाच्या गाठींवर ड्यूटी मागत असेल, तर चूक मूळ लेखकाची. तुम्ही ती निस्तरायची की तळटीप द्यायची, हे तुम्ही ठरवा. मिठाचं खातं तर इतकं कडक होतं की गोव्याकडून येणारं मीठ आवरायला पोर्तुगिजांशी करार झाला. तो लागू होता त्या काळात, 1880 ते 1892, गोव्याच्या हद्दीवरची नाकीच उठली होती.

आता टाइडवेटर. याचा हॉटेलातल्या वेटरशी संबंध नाही. टाइड म्हणजे भरती. भरतीबरोबर जहाज आत येई, त्याची वाट पाहणारा, आल्याबरोबर शिडीने वर चढणारा आणि माल उतरेपर्यंत जहाजावरच मुक्काम ठोकणारा हा खालच्या पायरीचा कस्टम नोकर. मुंबईत त्याची गरज का, ते बंदर कसं चाले त्यावरून कळतं. प्रिन्सेस डॉक 1880 मध्ये उघडला. त्याआधी मोठी जहाजं बहुतेक खोल पाण्यात नांगरून असत आणि माल पडावांतून, मचव्यांतून निरनिराळ्या बंदरांवर उतरे. इथे बंदर म्हणजे अख्खं पोर्ट नव्हे, धक्का: मशीद बंदर, कर्नाक बंदर. जहाज आणि धक्का यांच्यामधल्या पाण्यात एखादी गाठ किंवा पेटी दुसऱ्याच होडीत जायला कितीसा वेळ? म्हणून एक माणूस जहाजावर, एक धक्क्यावर, आणि आत कचेरीत किंमत ठरवणारे अप्रेझर व खर्डेघाशी करणारे कारकून.

टाइडवेटरला मी 'जहाजावरचा कस्टम पहारेकरी' म्हणेन, आणि पहिल्या उल्लेखानंतर नुसता 'पहारेकरी'. पुढे या बाहेरच्या कामाच्या शाखेला प्रिव्हेंटिव्ह म्हणू लागले. त्याचं 'प्रतिबंधक अधिकारी' करू नका, लस टोचायला आल्यासारखा वाटतो. गोदीत आजही प्रिव्हेंटिव्हच म्हणतात.

त्याच्या तोंडी कोणती मराठी घालायची, हा पुढचा पेच. या नोकऱ्यांत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींचा भरणा होता. इतका, की संविधानाच्या अनुच्छेद 336 ने रेल्वे, टपाल-तार यांच्याबरोबर कस्टममधल्या अँग्लो-इंडियनांच्या जागांनाही दहा वर्षं, टप्प्याटप्प्याने घटत जाणारं संरक्षण दिलं. तेव्हा त्याला पुणेरी बोलायला लावू नका. मोडकं हिंदुस्तानी चालेल. खलाशी आणि तांडेल त्याला 'साहेब'च म्हणतील, पगार कितीही तुटपुंजा असो.

जाता जाता, 'तस्करी' ऐवजी 'चोरटा माल', 'माल चोरून उतरवला' असं लिहा. स्मगलिंगसाठी तस्करी हा वापर अलीकडचा. आणि कथेत माळव्याची अफू असेल तर जपून. ती कराचीवरून दमणला जाऊन पोर्तुगीज बंदरातून राजरोस चीनला निघे. ती वाट सोडून व्यापारी मुंबईकडे वळावेत म्हणून कंपनीला मुंबईच्या पासाचा, म्हणजे अफू मुंबईमार्गे नेण्याच्या परवान्याचा, दर 1835 मध्ये पेटीमागे 175 वरून 125 रुपयांवर आणावा लागला. 1843 मध्ये सिंध हाती आल्यावर ती वाट बंद झाली, आणि 1847 पर्यंत दर 400 वर गेला. त्याआधीच्या दमणच्या पेट्यांना कथेतला इंग्रज चोरटा माल म्हणेल, दमणचा व्यापारी म्हणणार नाही.