राउटरचा पासवर्ड नसताना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घरून कसं जायचं?

"स्टॅटिक आयपी घ्या, पोर्ट उघडून घ्या, त्याशिवाय जमत नाही" असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर तो माझा साडू असणार. (स्टॅटिक आयपी म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता, पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचं नंबर घातलेलं दार.)

फायरवॉलला (नेटच्या लाइनवरच्या पहारेकऱ्याला) हात लावायची गरजच नाही. ती बाहेरून येणाऱ्याला अडवते. आतून 443 वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटांच्या पोर्टवर, बाहेर जाणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही, नाहीतर बँकेची साइटसुद्धा उघडली नसती. मग आतल्या मशीननेच बाहेर कनेक्शन लावून धरायचं आणि आपण त्याच वाटेने उलटं आत जायचं. आज करायचं तर दोन्हीकडे टेलस्केल (दोन मशीन खासगी वाटेने जोडणारं ॲप) टाका, एकाच खात्याने लॉगिन करा, त्या वाटेने रिमोट डेस्कटॉप (विंडोजची लांबून स्क्रीन चालवायची सोय) उघडा, झालं. यूडीपी (थेट जोडणीला लागणारी डेटा पाठवायची पद्धत) बंद असेल तर ते 443 वरून रिलेने, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, जातं, जरा हळू चालतं एवढंच.

2018 च्या कापूस हंगामात टेलस्केल नव्हतं. चोपड्याकडच्या एका जिनिंगचा हिशेब मी जळगावातून बघायचो. नेटची लाइन आणि फायरवॉल एका ठेकेदाराने बसवलेली, पासवर्ड त्याच्याकडेच, आणि तो फोन उचलायचा नाही. काटापावतीवर गाडीचा नंबर चुकला की मी 50-55 किलोमीटर मोटरसायकल हाणायची. एनीडेस्क या लांबून स्क्रीन चालवायच्या ॲपचं फुकटचं धंद्याला चालत नाही आणि लायसनला शेठ पैसे देईनात.

शेवटी एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतला, त्याचं एसएसएच (दुसऱ्या मशीनशी कुलूपबंद जोडणी करायची सोय) 443 वर ठेवलं. विंडोज 10 मध्ये एसएसएच क्लायंट त्याच वर्षी आयता आला होता. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवरून रिव्हर्स टनेल (आतून बाहेर लावलेली, पण उलटं आत यायची वाट): सर्व्हरचं एक पोर्ट थेट त्या कॉम्प्युटरच्या 3389 ला, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या पोर्टला. तुटलं की पुन्हा जोडणारी चार ओळींची बॅच फाइल, टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोज जिथून कामं आपोआप चालू करते). पहिला आठवडा रडवलं. गप्प पडलेलं कनेक्शन राउटर विसरून जातो, म्हणून सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल (सर्व्हरला "जिवंत आहेस ना" असं किती वेळाने विचारायचं ते) 30 सेकंदांवर आणलं. मग कळलं की तुटलेलं जुनं सेशन सर्व्हरवर पोर्ट धरून बसतं आणि नव्याला जागाच मिळत नाही. सर्व्हरकडूनही तशीच विचारणा (क्लायंट-अलाइव्ह) लावल्यावर तेही सुटलं. त्यानंतर महिनाभर घरी चहा पीत पावत्या दुरुस्त केल्या.

नोव्हेंबरात एका रात्री टनेल मेलं. पहाटे काटेवाल्याचा फोन, "काय भो, गाड्या लागल्या ना रोडपर्यंत!" विदगावच्या पुलावर तापीचं धुकं, हात बधिर, अडावदला थांबून चहाच्या ग्लासावर बोटं शेकली. पोहोचलो तर कॉम्प्युटर बंद. रात्री लाइट गेली होती, परत आलीही होती, यूपीएसची बॅटरी फुगून गेलेली. बटण दाबलं. विंडोज उघडली आणि मिनिटाच्या आत टनेल आपोआप उभं! बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता. बायोसमध्ये (विंडोज उघडण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन, लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावं, तो पर्याय लावला. पुन्हा त्या कारणासाठी कधी पूल ओलांडावा लागला नाही.

पण त्याच रविवारी सासऱ्यांच्या शेतात भरीत पार्टी. वांगी काडीवर भाजली जात होती, कळण्याच्या भाकरी येत होत्या, आणि साडूभाऊ (पुण्याला नेटवर्कमध्ये आहेत) सगळ्यांसमोर म्हणाले, "जुगाड तो जुगाडच, पाहुणे. स्टॅटिक आयपी घेतला असता तर पळावं लागलं नसतं." बंद कॉम्प्युटरला स्टॅटिक आयपी काय उठवणार होता? तेव्हा मी गप्प बसलो, सासरे होते.

नंतर ट्रेसर्ट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी विंडोजची कमांड) मारून पाहिलं. राउटरच्या पुढचाच टप्पा 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला. म्हणजे नेट कंपनीने एकाच पत्त्यामागे कित्येक गिऱ्हाइकं बसवलेली. हा पट्टा 2012 पासून त्यासाठीच राखून ठेवलाय. ठेकेदाराने पोर्ट उघडलं असतं तरी त्या लाइनवर बाहेरून चिटपाखरू आत आलं नसतं. स्टॅटिक आयपीचे पैसे वेगळे द्यायचे, ते सर्व्हरच्या भाड्यापेक्षा जास्त, आणि वर 3389 सगळ्या जगाला उघडं ठेवायचं. माझ्या सर्व्हरवर ते पोर्ट फक्त लोकलहोस्टला, म्हणजे त्या सर्व्हरच्या आतल्या आतच, बांधलेलं होतं. पुण्याचा असो की कुठला, हिशेब करून बोलावं.

तुमचं ऑफिस मोठं असेल, आयटीवाले असतील, तर त्यांना न विचारता यातलं काही करू नका, नोकरी जाईल. मी शेठकडून लिहून घेतलं होतं. काही फायरवॉल 443 वरचं एसएसएच ओळखून तोडतातही. आणि विंडोज होमवर रिमोट डेस्कटॉपने आत शिरता येत नाही, प्रो लागते; तुमच्याकडे कोणती आहे ते तुमच्या प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं बघा, ट्रेसर्टची दुसरी ओळ काय येते तेही कळवा, मग पुढचं सांगतो.