तपकिरी झालेल्या फ्लास्कचा फोटो टाका

प्रश्न: सर नमस्कार, मी मराठवाड्यात तालुक्याच्या ठिकाणी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. कॉलेजात या विषयाची मी एकटीच. तालुक्यातल्या शिक्षकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे पण त्यात गुड मॉर्निंग, पीडीएफ आणि परिपत्रकं एवढंच येतं, स्वतःची अडचण कुणी विचारतच नाही, मी पण नाही, लोक म्हणतील हिला एवढंही येत नाही. वर्गात मुलंही गप्प. एकमेकांच्या आधाराने शिकायचं वातावरण कसं तयार करायचं?

उत्तर: ताई, नवा ग्रुप काढू नका, आहे त्यातच सुरुवात करा आणि ती तुमच्या फसलेल्या प्रॅक्टिकलने करा. बारावीचं ऑक्झॅलिक अॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या ना, ब्युरेट म्हणजे खुणा केलेल्या नळीतून परमँगनेट थेंबथेंब फ्लास्कमधल्या ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये सोडायचं. फिकट गुलाबी यायला पाहिजे आणि फ्लास्कमध्ये येतं गढूळ तपकिरी. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या अख्ख्या बॅचचं असं झालं, मी मुलांवरच ओरडलो आणि शेजारच्या कॉलेजातल्या मॅडमना विचारायला मला 3 महिने लागले. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, डायल्यूट सल्फ्युरिक अॅसिड कमी पडलं की मँगनीज डायऑक्साइड तयार होतो, तपकिरी रंग त्याचा. त्या मुलांचं मला अजून वाईट वाटतं. तर असा फोटो ग्रुपवर टाका, खाली लिहा "माझं असं झालं, कुणाला माहितीये का?" पहिल्यांदा कुणी बोलणार नाही, दुसऱ्यांदा एखादा बोलेल, तेवढं पुरे.

मग महिन्यातून एकदा भेटा, भाषण नको, एकच प्रयोग सगळ्यांनी हाताने करायचा. हे मी मनाने सांगत नाहीये. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सहावी ते आठवीच्या 16 शाळांमधून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो बराच पसरला, 2002 मध्ये सरकारने बंद केला. त्यात शिक्षकांच्या मासिक बैठका व्हायच्या, वर्गात काय अडलं ते तिथे मांडायचं. इतकी वर्षं गावोगावच्या शिक्षकांनी हे केलं, मग आपल्या एका तालुक्याला का नाही जमणार?

मुलांचं म्हणाल तर ती गप्प असतात मार्कांच्या भीतीने. सीबीआर, म्हणजे तीनदा करून ब्युरेटचं सारखं यायला हवं ते रीडिंग, जुळला नाही तर मार्क जातील म्हणून शेजारच्याचं रीडिंग उतरवतात, हे आपल्या सगळ्यांना माहितीये. वर्षभराच्या प्रॅक्टिकलला सांगून टाका, आलेली तिन्ही रीडिंग्ज जशीच्या तशी जर्नलमध्ये लिहा, चुकलेल्याचे मार्क कापणार नाही, फक्त का चुकलं ते शेजारी लिहा. जोड्या करा, एकाने ब्युरेट सांभाळायचा, दुसऱ्याने फ्लास्ककडे बघायचं, मग अदलाबदल. फ्लास्क साधारण 60 ते 70 अंशांना गरम असतानासुद्धा पहिल्या थेंबांचा रंग रेंगाळतो आणि नंतरच्यांचा पटकन जातो, हे बघणारा पोरगा आपणहून "का?" विचारतो, लगेच उत्तर देऊ नका, जोडीला दोन दिवस द्या. रिअॅक्शनमध्ये तयार झालेले मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात, हे त्यांनीच वर्गाला सांगू दे.

आणि हो, पहिल्या बैठकीला प्रत्येक कॉलेजच्या लॅब असिस्टंटला नक्की बोलवा. कुठल्या बाटलीतलं सोल्युशन जुनं झालंय, कुठल्या ब्युरेटचा कॉक गळतो, हे त्या दादांना माहीत असतं, त्यांना कुणी विचारत नाही.