पाल्पाला निघालेल्या मुलीला

प्रिय मुली,

सलाम. तुझा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. तू इतक्या घाईनं बोलत होतीस की मला 'तानसेन' एवढंच नीट ऐकू आलं. बाकीचं तुझ्या आईनं रविवारी उपासनेनंतर सांगितलं: सहाजणांची टीम, तीन महिने, नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेन गावचं मिशन हॉस्पिटल, आणि तू फिजिओथेरपीत. चर्चच्या मंडळीनं तुम्हाला पुढं बोलावून हार घातले म्हणे. हार पडला की माणसाला आपण काहीतरी करून आलो असं वाटायला लागतं. तुम्ही तर अजून गोरखपूरची गाडीही धरलेली नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

ते हॉस्पिटल कसं उभं राहिलं ते आधी ऐक. नेपाळवर राज्य करणाऱ्या राणा घराण्याची सत्ता 1951 साली गेली, तोवर नेपाळ मिशनऱ्यांना बंदच होता. 1769 मध्ये पृथ्वीनारायण शाहांनी काठमांडू खोरं घेतलं, तेव्हा तिथले कॅपुचिन पंथाचे कॅथलिक पाद्री आणि त्यांच्याबरोबरचे मूठभर नेपाळी ख्रिस्ती बिहारात बेतियाला येऊन राहिले. पुढचं दार पक्ष्यांनी उघडलं. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले रॉबर्ट फ्लेमिंग 1949 मध्ये पक्ष्यांचे नमुने जमवायला नेपाळात शिरले. नंतरच्या फेरीत त्यांच्या डॉक्टर पत्नी बेथेल आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स यांनी तानसेनला दवाखाना मांडला, आणि लोकांनीच 'इथे हॉस्पिटल काढा' म्हणून धरून बसवलं. 1954 मध्ये वेगवेगळ्या मिशनांनी मिळून युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था काढली, आणि ती कुठे काढली माहीत आहे? नागपुरात. (नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं, तेव्हा फार मिरवू नकोस.) सरकारनं परवानगी देताना अट घातली: सेवा करा, धर्मांतर करायचं नाही.

ती अट आता कायद्यात आहे. 2015 च्या संविधानाचं 26वं कलम दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. तुमच्या टीममधल्या एकाला हे ऐकून स्फुरण चढलंय असं तुझी आई म्हणाली. त्याच्यासाठीच पुढचं लिहिते. वाटल्यास त्याला वाचून दाखव.

मी 1994 च्या हिवाळ्यात तिकडे होते. पिशवीत इकडून नेलेल्या, धर्मप्रचाराच्या हिंदी पत्रिका होत्या. 'वाटू नका' असं टीमच्या प्रमुखानं दोनदा बजावलं होतं. पण एका गावात आरोग्य शिबिरानंतर बायकांनी मला चहा दिला, पोरांनी घेरलं, मला भरून आलं आणि मी पत्रिका वाटल्या. दहा-बारा असतील. संध्याकाळी जीपमध्ये बसून आम्ही गाणी म्हणत हॉस्पिटलला परतलो. दुसऱ्या दिवशी त्या भागातल्या पास्टर दाइंना (दाइ म्हणजे दादा) पोलीस चौकीवर बोलावलं. सकाळी गेलेले रात्री परतले. 'पत्रिका कुठून आल्या?' याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. मला कुणी हात लावला नाही, विचारलंही नाही, कारण मी पाहुणी! त्यांच्या बायकोनं मात्र चार महिने त्या गावची वाट सोडली होती, हे मला फार उशिरा कळलं. मी तोवर नगरला परतून शनिवारच्या महिला सभेत तीच गोष्ट साक्ष म्हणून सांगत होते, पत्रिकांपर्यंतचीच.

शौर्य करायची हौस तुम्हा पाहुण्यांची, आणि त्याची किंमत तिथे घर असलेल्याची. तीन महिन्यांनी तुझ्याकडे परतीचं तिकीट असेल. त्यांच्याकडे शेत असेल, शाळेत जाणारी मुलं असतील, शेजारी असतील. कुणाबरोबर प्रार्थना करायची, कुणाला काय सांगायचं, कुणाचा फोटो काढायचा हे तिथल्या मंडळीला विचार. त्यांनी 'नको' म्हटलं तर कारण मागू नकोस. फोटोचं तर मी हात जोडून सांगते. चेहरा, गाव आणि 'प्रार्थना करा' अशी ओळ एकत्र गेली की तो कागदोपत्री पुरावा होतो.

आणि तुमच्यावाचून तिथलं काही अडलेलं नाही. संपूर्ण नेपाळी बायबल 1914 मध्ये आलं, त्यामागे दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांची कित्येक वर्षं होती. 1951 पर्यंत देशात मंडळी नव्हतीच म्हटलं तरी चालेल. 2021 च्या जनगणनेत पाच लाखांवर ख्रिस्ती नोंदले गेले, पावणेदोन टक्के. त्यातली बरीच वाढ नेपाळी माणसांनी नेपाळी माणसांशी, भाताच्या ताटावर बोलून झालेली आहे.

आता भाषा. लिपी देवनागरी, त्यामुळे पहिल्या दिवशी तुला सगळं येतं असं वाटेल. तिथेच मी फसले. वॉर्डात एक म्हातारी खिडकीकडं हात करून 'घाम, घाम' म्हणत होती. मी तिची रजई काढली, घाम पुसला, वहीनं वारा घालायला लागले. डिसेंबरची थंडी! सगळा वॉर्ड हसायला लागला. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. तिला उन्हात नेऊन बसवायचं होतं. 'पाहुना', 'माइत', 'दुख्यो' असे शब्द मात्र आपल्याच घरातले वाटतील. तँ, तिमी, तपाईं (आपलं तू, तुम्ही, आपण) या पायऱ्या नीट शिक. पेशंट कितीही गरीब असो, तपाईंच म्हण. आपण प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणतो, ते 'तपाईं' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते लांबचं वाटलं. महिनाभरानं आपलंच जरा उद्धट वाटायला लागलं.

उपासना शनिवारी असते, कारण आठवड्याची सुट्टी शनिवारी. 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारीच, दुपारी बाराच्या जरा आधी झाला. शाळा रिकाम्या होत्या म्हणून कितीतरी मुलं वाचली. मंडळ्या उपासनेला बसल्या होत्या, आणि काही ठिकाणी त्या छपराखालीच गेल्या. कुणी त्याबद्दल बोललं तर नुसतं ऐक, वचन सांगायची घाई करू नकोस.

चपला बाहेर, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, खाली बसायचं. गाणी मादलवर, म्हणजे तिथल्या ढोलकीवर. तुमची टीम गिटार नेते आहे हे कळलं. न्या, पण पहिले चार शनिवार ती खोलीतच राहू दे. आपणही एकेकाळी कुणाचं तरी 'मिशन फील्ड' होतो. 1813 मध्ये हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, आणि पुढे आपल्या लोकांनी कितीतरी वर्षं साहेबाच्या चालीवर तोंड वेडंवाकडं करून गायलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनं लिहिली तेव्हा कुठे आपल्या मंडळीचा गळा मोकळा झाला. ते ओझं आता आपण दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं का?

कामाचं तुला मी काय सांगू? तुझ्याकडे येतील ते बहुतेक पडलेले: जनावरांना चारा काढायला झाडावर चढले आणि फांदी मोडली. चुलीत भाजून आखडलेले हात येतील. गावातले तरुण आखातात नाहीतर मलेशियात, त्यामुळे व्यायाम शिकवायचा तो सासूला, पेशंटला पाणी आणायला किती चढावं लागतं ते विचारून. तिथल्या फिजिओ ताईंना हे तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पहिला आठवडा त्यांच्या मागे उभी राहा.

किरकोळ: घड्याळ पाव तास पुढे कर. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. तारखा विक्रम संवतात असतात, तेव्हा केस पेपरवर 57 वर्षं पुढचं साल बघून दचकू नकोस. बुटवल सोडलं की घाट लागतो, ओकारीची गोळी आधीच घे.

पास्टर दाइ आता थकलेत, पण आहेत. त्यांच्यासाठी चिक्कीचा डबा देते. चारचौघांत माझं नाव घेऊ नकोस आणि काही बोलूही नकोस, नुसता डबा हातात दे. ते ओळखतील.

तुझी,
संडे स्कूलची बाई