झोप सुधारली, पण कशातच रस वाटत नाही

प्रश्न : काही महिन्यांपासून मी नैराश्यावर उपचार घेत आहे. झोप आणि भूक पूर्ववत झाली, उठसूट रडू येणेही थांबले. परंतु आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नाही. घरचे ‘एखादा छंद लावून घे’ असे सुचवतात. मनच लागत नसताना छंद कसा लावायचा? रोजच्या जगण्यात मन हलके होईल असे काही करता येईल का?
— एक वाचक

उत्तर : नैराश्यातून सावरताना झोप आणि भूक बहुधा आधी सुधारतात, तर आनंद घेण्याची क्षमता पुष्कळदा सर्वांत उशिरा परतते. त्यामुळे उपचार फसले असा निष्कर्ष लगेच काढू नये. मात्र ही तक्रार डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावी, कारण औषधाची मात्रा अपुरी असेल किंवा औषधामुळेच भावना बोथट झाल्या असतील, तर त्यांना त्यात बदल करता येतो.

छंदाचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला, तरी त्यात आधी मन लागेल आणि मग हात चालेल असे गृहीत धरलेले असते. नैराश्यात इच्छेची वाट पाहत बसल्यास कृती घडत नाही, कृती न घडल्याने समाधानाचे प्रसंग कमी होतात आणि मन अधिकच मिटत जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या या विचारातून कृतीवर भर देणारी उपचारपद्धती विकसित झाली. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, केवळ हा कृतीचा भाग मिळालेल्या रुग्णांना विचार बदलण्याच्या तंत्रांसह संपूर्ण उपचार मिळालेल्यांइतकाच लाभ झाल्याचे दिसले.

आपण आठवडाभर दिवसातील कामे आणि त्या त्या वेळची मनःस्थिती शून्य ते दहा अशा गुणांत वहीत नोंदवून पाहावी. सगळे दिवस सारखेच वाईट वाटत असले, तरी काही तास इतरांपेक्षा बरे गेल्याचे त्यातून बहुधा लक्षात येते. त्यानंतर रोजच्यासाठी दोन कामे निवडावीत : एक पूर्वी आवडणारे, दुसरे उरकल्यावर ‘एवढे तरी झाले’ असे वाटायला लावणारे. काम इतके लहान असावे की सर्वांत वाईट दिवशीही ते जमेल; पुस्तक नव्हे तर एक पान, कपाट नव्हे तर एक कप्पा. त्याची वेळ ठरवून ठेवावी, आणि कामातून किती बरे वाटेल याचा अंदाज आधी व प्रत्यक्ष अनुभव नंतर लिहावा. नैराश्यात हा अंदाज वास्तवापेक्षा कमी असण्याकडे कल असतो, हे स्वतःच्याच अक्षरात पाहणे कोणाच्याही समजावणीपेक्षा अधिक पटते.

अनेकांना सकाळी सर्वाधिक जड वाटते आणि दिवस कलताना थोडे हायसे वाटते, म्हणून दिवसाचा निकाल सकाळीच लावू नये. ठरलेल्या वेळी उठून उजेडात दहा मिनिटे चालून यावे. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे पुढचे लक्ष्य ठेवावे, सुरुवात नव्हे. अंथरुणात पडून फोन चाळण्याला मी विरंगुळा मानत नाही, कारण तेच ते विचार उगाळायला त्यात भरपूर मोकळीक मिळते. मद्याने क्षणभर सैल वाटले, तरी झोप आणि मनःस्थिती दोन्ही बिघडतात.

बरे वाटू लागल्यावरही औषध साधारणपणे किमान सहा महिने चालू ठेवतात. ते परस्पर बंद करू नये. जगणे नकोसे वाटू लागले किंवा जीव देण्याचे विचार आले, तर या उपायांवर विसंबू नये. त्याच दिवशी जवळच्या व्यक्तीला सांगावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रश्न : माझे पती नैराश्यातून सावरत आहेत. त्यांना बाहेर पडण्याचा आग्रह करावा की मोकळे सोडावे?
— एक वाचिका

उत्तर : ‘तुम्ही फिरून या’ यापेक्षा ‘मी निघाले आहे, येता का?’ असे विचारणे बरे. नकार आल्यास वाद न घालता दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे, आणि सोबत चालताना बोलण्याची सक्ती करू नये. झोप पुन्हा उडणे, फोन टाळणे यांसारखी त्यांची नेहमीची पूर्वचिन्हे कोणती, आणि ती दिसल्यास डॉक्टरांना कोणी कळवायचे, हे ते बरे असतानाच त्यांच्या संमतीने ठरवून ठेवावे.