दुपट्टा पुरेल का?

प्रश्न : सासूबाई ७९ वर्षांच्या, दम्याच्या. दहा वर्षांचा मुलगा उन्हाळी शिबिरातून खोकला घेऊन आलाय. मी दोघांनाही मास्क लावते, तर आमचे हे म्हणतात, ‘विषाणू इतका बारीक, कापडातून आरपार जातो. कशाला हे नाटक?’ स्कूटीवर बांधते तो दुपट्टा पुरेल का? एन-९५ धुतला तर चालेल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तुमच्या यजमानांचं माप बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण तो सुटा फिरत नाही, खोकताना-बोलताना उडणाऱ्या तुषारांतून येतो. आणि मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. त्यात आडव्यातिडव्या धाग्यांचे थर असतात. मोठे थेंब धाग्यांवर आदळतात, अतिबारीक कण हवेत भरकटत जाऊन चिकटतात. अडवायला सर्वांत कठीण ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. एन-९५ची परीक्षा त्याच मापावर होते. निदान ९५ टक्के कण अडवले तरच तो पास.

त्याच्या आतल्या थरावर कण खेचून घेणारा विद्युतभार असतो. साबणाच्या पाण्याने तो जातो, म्हणून धुऊ नका. दोरीवर चिमट्यांनी टांगलेले एन-९५ मी धरमपेठेतल्या गॅलऱ्यांत पाहिलेत. दिसायला कसे झकास!

दुपट्टा नवतपाच्या उन्हात बांधाच, मी स्वतः सांगतो. पण त्याची वीण सैल, गालांशी फटी. विषाणूसाठी त्यावर भिस्त नको. मास्कचंही तेच: नाकावरची पट्टी दाबली नाही तर हवा वरून निघते. चष्म्यावर वाफ येतेय का, बघा.

आधी मास्क मुलाला. तोंडातून निघताना थेंब मोठे, ओले असतात. तिथेच अडवणं सोपं. बाहेर सुकले की बारीक होऊन तरंगत राहतात. झडपेचा मास्क त्याला देऊ नका, झडपेतून उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो. सासूबाईंना घुसमटत असेल तर बळजबरी नको. त्यांच्या खोलीत जाणाऱ्याने लावावा. जेवताना मुलाचा मास्क निघणारच, तेव्हा त्याचं ताट काही दिवस वेगळ्या खोलीत.

एक तुम्ही विचारलं नाहीत. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, आपला खिडकीतला कूलर बाहेरची आत आणतो. सगळे एसीत दार लावून झोपत असाल, तर सासूबाईंचा पलंग कूलरच्या खोलीत हलवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. कूलरच्या गवताला बुरशी असेल तर ते आधी बदला. दम्याला ती भोवते.